‘आले रे’ आणि ‘आले हो’: कोरियन भाषेत स्वतःची ओळख करून देताना

धाकटा भाऊ शाळेतून घरी आला, तर आपण मित्राला सांगतो, “बंड्या आला रे.” हीच बातमी शेजारच्या काकूंना द्यायची असेल, तर म्हणतो, “बंड्या आला हो.” बाबा आले की मित्राला सांगतो, “बाबा आले रे.” आणि काकूंना, “बाबा आले हो.”

चारही वाक्यांत क्रियापद ‘येणे’ हेच आहे. पण ‘आला’ म्हणायचं की ‘आले’, हे ठरतं आलेल्या माणसावरून. ‘रे’ म्हणायचं की ‘हो’, हे ठरतं ऐकणाऱ्या माणसावरून. हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि आपण ते लहानपणापासून एकाच श्वासात, विचार न करता घेतो.

कोरियन भाषेतला आदर नेमका याच दोन निर्णयांवर उभा आहे. मी कोरियन शिकायला लागले तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रजीतून लिहिलेली पुस्तकं ‘आदरार्थी भाषा’ या एकाच नावाखाली सगळं एकत्र बांधून टाकतात आणि शिकणाऱ्याला वाटतं की हे काहीतरी अगदी परकं, पाठ करूनच जमणारं प्रकरण आहे. मराठी माणसाला तसं वाटायचं काहीच कारण नाही. तीच चार वाक्यं कोरियनमध्ये अशी होतात:

तोंगसेंगि वास्सॉ – धाकटा आला रे.
तोंगसेंगि वास्सॉयो – धाकटा आला हो.
आबॉजिगा ओश्यॉस्सॉ – बाबा आले रे.
आबॉजिगा ओश्यॉस्सॉयो – बाबा आले हो.

शेवटी लागलेला ‘यो’ बघा. तो ऐकणाऱ्यासाठी आहे, आपल्या ‘हो’सारखा. आणि ‘वा’चं ‘ओश्यॉ’ झालं, कारण क्रियापदाच्या पोटात ‘शि’ हा प्रत्यय शिरला. तो ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्या मानासाठी आहे, ‘आला’चं ‘आले’ व्हावं तसा. ‘शि’ आणि ‘यो’ यांची गल्लत केली नाही, तर अर्धं काम झालं.

एक फरक मात्र आत्ताच सांगून ठेवते. मराठीत ‘रे’ आणि ‘हो’ दोन्ही गाळून नुसतं “बाबा आले” म्हणता येतं. ते कुणालाही चालतं. कोरियनमध्ये अशी मधली जागा नाही. ‘यो’ गाळला की वाक्य आपोआप ‘रे’चं होतं. म्हणजे समोर कोण आहे हे ठरवल्याशिवाय वाक्य पूर्णच करता येत नाही. म्हणून तर दोन अनोळखी कोरियन माणसं भेटली की एकमेकांचं वय, हुद्दा, नातं यांचा अंदाज आधी घेतात.

आधी उच्चार, थोडक्यात

कोरियनची स्वतःची लिपी आहे, हांगुल. राजा सेजोंग याने ती १४४३ मध्ये तयार करवली आणि १४४६ मध्ये लोकांपुढे आणली. ती चार-पाच दिवसांत वाचता येऊ लागते, आणि शिकायचीच असते. देवनागरीवर कायम अवलंबून राहू नका. इथे मी देवनागरीत लिहितेय ते फक्त व्याकरण समजावं म्हणून.

या लेखात ‘ऑ’ दिसला की ‘ऑफिस’मधला ‘ऑ’ समजा, थोडा मागे ओढलेला. ऱ्हस्व ‘उ’ दिसला की ओठ गोल न करता, ‘ई’ म्हणताना पसरतो तसे पसरून ‘उ’ म्हणा. हा स्वर मराठीत नाही. ओठ गोल करून म्हणायचा नेहमीचा स्वर मी दीर्घ ‘ऊ’ने दाखवलाय. ‘च’ हा ‘चार’मधला, ‘चाक’मधला नव्हे. क-ख, प-फ, च-छ हा फरक आपल्या जिभेला सवयीचा आहे, आणि ती मोठी जमेची बाजू आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांना त्यासाठी महिनोन्‌महिने घासावं लागतं.

आणखी एक गंमत अशी, की ‘इम्निदा’ हा शब्द लिहिताना ‘इप्-नि-दा’ असा लिहितात आणि बोलताना ‘इम्निदा’ म्हणतात. नवा विद्यार्थी विचारतो, लिहायचं एक आणि बोलायचं दुसरं, असं का? शाळेत शिकलेला संधी आठवा. वाक् + मय = वाङ्मय. जगत् + नाथ = जगन्नाथ. पुढे अनुनासिक आलं की आधीचं व्यंजन आपल्याच वर्गातल्या अनुनासिकात बदलतं. प-वर्गातलं अनुनासिक ‘म’, म्हणून ‘प् + नि’चं ‘म्नि’. आपण फक्त संधी झालेलं रूप लिहितो आणि ते मूळ रूप लिहितात, एवढंच.

पहिलं वाक्य: मी कोण

चॉनुन सुनेहायेयो. मी स्नेहा.

‘स्नेहा’चं ‘सुनेहा’ का झालं? कोरियनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला ‘स्न’सारखं जोडाक्षर चालत नाही, म्हणून मध्ये तो पसरट ‘उ’ घालतात. आपलं नाव कोरियन उच्चारात कसं बसतं हे आधी ठरवून घ्यावं, कारण पुढचे प्रत्यय त्या उच्चाराला लागतात, आपल्या मूळ नावाला नव्हे.

‘चॉनुन’मध्ये दोन तुकडे आहेत: चॉ आणि नुन.

‘चॉ’ म्हणजे मी, पण नम्रपणे म्हटलेला मी. मित्रांत, घरात धाकट्यांशी बोलताना ‘ना’ म्हणतात. मराठीत ‘मी’ एकच. त्यामुळे हे आपल्याला नवं आहे. जुन्या पत्रांतून लोक स्वतःचा उल्लेख ‘आपला आज्ञाधारक’ असा करत, ती वृत्ती ‘चॉ’मध्ये आहे, फक्त शब्द रोजच्या वापरातला आहे. नियम सोपा: वाक्याच्या शेवटी ‘यो’ किंवा ‘म्निदा’ येणार असेल, तर सुरुवातीला ‘चॉ’ म्हणा. ‘ना’ने सुरू करून ‘यो’वर संपवणारे लोकही भेटतील, पण पहिल्या भेटीत तसं करू नये.

‘नुन’ हा विषय मांडणारा प्रत्यय. त्याचा मराठी भाऊ शोधायचा तर ‘माझं म्हणाल तर’ किंवा बोलण्यातला “मी ना, ...” हा जवळचा. “मी ना, स्नेहा.” ऐकणाऱ्याचं लक्ष एका विषयाकडे वळवायचं आणि मग त्याबद्दल सांगायचं.

याचाच एक शेजारी आहे: ‘गा’. तो कर्ता दाखवतो. ‘चॉ’ला तो लागला की ‘चेगा’ होतं. नवशिक्यांना ‘नुन’ आणि ‘गा’ यांतला फरक वर्षानुवर्षं छळतो. पण ओळख करून देण्यापुरता तो एका प्रसंगातून समजतो. तुम्ही स्वतःहून पुढे होऊन आपलं नाव सांगताय, तर चॉनुन सुनेहायेयो. पण खोलीत दहा जण बसलेत, कुणीतरी दारातून विचारतं, “यात स्नेहा कोण?” तर हात वर करून म्हणायचं, चेगा सुनेहायेयो. “स्नेहा मी.” “मीच स्नेहा.” मराठीत आपण ‘च’ लावून किंवा ‘मी’वर जोर देऊन जे साधतो, ते तिथे प्रत्यय बदलून साधतात. नवी माहिती ‘सुनेहा’ असेल तर नुन, नवी माहिती ‘मी’ असेल तर गा.

दोन्ही प्रत्ययांची दोन-दोन रूपं आहेत. नाव स्वरात संपलं तर नुन आणि गा, व्यंजनात संपलं तर उन आणि इ. इथे मराठी माणसाने एक काळजी घ्यावी. आपण ‘रोहन’ लिहितो तेव्हा शेवटचा ‘न’ पूर्ण दिसतो, पण म्हणतो ‘रोहन्’. कोरियन कान तुमचा उच्चार ऐकतो, म्हणून रोहनसाठी ‘रोहानुन’ आणि ‘रोहानि’. उलट ‘अमित’ व्यंजनात संपतो असं आपल्याला वाटतं, पण कोरियन लोक बहुतेकदा तो ‘आमिथु’ असा स्वर जोडून लिहितात. मग त्याला ‘नुन’ लागतो.

आपल्या भाषेची तुलना केलीच आहे, तर कोरियनचा एक मोठा दिलासा सांगायला हवा. मराठीत प्रत्यय लागण्याआधी नामच बदलतं: घर, पण घराला, पाणी, पण पाण्यात, भाऊ, पण भावाने. या सामान्यरूपाने मराठी शिकणारे परभाषिक मेटाकुटीला येतात. कोरियनमध्ये नाम जसंच्या तसं राहतं आणि प्रत्यय येऊन चिकटतो.

आता शेवटचा तुकडा, ‘येयो’. हा आपला ‘आहे’. नाव स्वरात संपलं तर येयो, व्यंजनात संपलं तर इएयो: सुनेहायेयो, रोहानिएयो. विद्यार्थी असाल तर हाक्सेंगिएयो. विद्यार्थिनी असाल तरी हाक्सेंगिएयोच. मराठीत ‘आहे’ गाळून “मी स्नेहा” म्हणणं अगदी स्वाभाविक आहे, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांची जीभ तिथेही नावावरच थांबते. थांबू देऊ नका. कारण सगळा आदर त्या शेपटीत आहे. शेपूट गळली की आदरही गळला.

‘नाही’ म्हणायचं असेल तर ‘आनिएयो’: हाक्सेंगि आनिएयो, मी विद्यार्थी नाही. आणि ‘हो’साठी शब्द आहे ‘ने’. मराठी कानाला तो नकारासारखा लागतो. त्याची सवय व्हायला काही आठवडे द्यावे लागतात.

इएयो की इम्निदा?

कोरियन व्याकरणाच्या पुस्तकांत बोलण्याच्या सहा-सात पायऱ्या दिलेल्या असतात. त्यांतल्या काही आता जुन्या लिखाणात किंवा ऐतिहासिक मालिकांतच भेटतात. रोजच्या बोलण्यात नवशिक्याला तीन पुरतात.

सर्वांत खालची पानमाल. आपण ज्याला अरे-तुरे म्हणतो, ती. मधली ‘यो’ची: दुकानदार, शेजारी, वर्गातले नुकतेच भेटलेले लोक, रस्त्यावर पत्ता विचारायचा असलेला माणूस, सगळ्यांना चालणारी. आणि वरची ‘म्निदा’ची: बातम्या, रेल्वेतल्या घोषणा, मुलाखत, सभेपुढचं भाषण, सैन्य.

आपली ओळख करून देणं हा थोडा औपचारिक प्रसंग असतो, म्हणून तिथे ‘म्निदा’ खूप ऐकू येतं: चॉनुन सुनेहाइम्निदा. इथे स्वर-व्यंजनाची भानगडही नाही, दोन्हींना इम्निदाच. पण पाच मिनिटं गप्पा झाल्या की तीच माणसं ‘यो’वर उतरतात. एकाच संभाषणात दोन्ही मिसळणं ही चूक नाही. सगळे तसंच बोलतात. कोरियातल्या एखाद्या बाजारात जाऊन दर वाक्याला ‘म्निदा’ लावलंत, तर कुणी रागावणार नाही, पण भाजीवाल्या मावशींशी आपण भाषण ठोकतोय असं वाटेल.

क्रियापदाला ‘यो’ लावताना एक स्वरांचा नियम आहे. धातूचा शेवटचा स्वर आ किंवा ओ असेल तर ‘आयो’ लागतं, इतर कुठलाही असेल तर ‘ऑयो’. कोरियन परंपरेत आ-ओ हे उजळ स्वर आणि ऑ-ऊ वगैरे गडद स्वर मानले जातात. उजळाला उजळ, गडदाला गडद. ‘का’ म्हणजे जाणे: का + आयो = कायो. ‘मॉक’ म्हणजे खाणे: मॉक + ऑयो = मॉगॉयो. ‘ओ’ म्हणजे येणे: ओ + आयो = वायो. ‘पेऊ’ म्हणजे शिकणे: पेऊ + ऑयो = पेवॉयो. शेवटच्या दोन उदाहरणांत स्वराचा ‘व’ झालेला बघून सु + आगत = स्वागत आठवलं असेल, तर बरोबर आठवलंय. ‘हा’ म्हणजे करणे, हा एक नियम मोडणारा धातू आहे. त्याचं ‘हेयो’ होतं. तो इतका वापरात आहे की पाठ करावाच लागत नाही.

आणि एवढं झालं की क्रियापद संपलं. गेलो, गेले, गेली, गेलास, गेलात ही आपली सगळी फौज तिथे नाही. मी गेलो, ती गेली, ते गेले, सगळ्यांना ‘कास्सॉयो’. मराठी क्रियापद विचारतं: पुरुष की स्त्री, एक की अनेक? कोरियन क्रियापद विचारतं: समोर कोण, आणि कुणाबद्दल? प्रत्येक भाषा आपल्या बोलणाऱ्यांकडून कुठली तरी माहिती हट्टाने मागून घेते. कोरियन कुठली मागते, हे कळलं की तिच्याशी भांडण उरत नाही.

कुठून आलात, काय करता

इन्दो फूनेएसॉ वास्सॉयो. भारतातल्या पुण्याहून आलेय.

‘एसॉ’ हा आपला ‘हून’. देश आधी, गाव नंतर. कोरियात मोठं आधी आणि लहान मागून येतं. पत्ता लिहितानाही तसंच आणि नावातही तसंच: आडनाव आधी, नाव मागून. या वाक्यात ‘चॉनुन’ नाही, हेही बघा. विषय एकदा मांडला की पुन्हा मांडत नाहीत. आपणही “मी स्नेहा, मी पुण्याहून आलेय, मी कंपनीत कामाला आहे” असं तीनदा ‘मी’ म्हणत नाही. कोरियन बोलताना मात्र बरेच विद्यार्थी दर वाक्याला चॉनुन लावतात, कारण मनात इंग्रजी वाक्य तयार होत असतं. मराठीत विचार करा, निम्मे चॉनुन आपोआप गळतील.

ह्वेसाए तान्यॉयो. कंपनीत आहे.

‘तान्यॉयो’ म्हणजे खरं तर ये-जा करणं. “मुलगा काय करतो?” “बँकेत जातो.” हे मराठी उत्तर ज्याला कळतं, त्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

हान्गूगॉरुल पेवॉयो. कोरियन शिकतेय. ‘रुल’ हा कर्माचा प्रत्यय. क्रियापद शेवटी. मराठीचीच बांधणी.

आता ती चूक, जी शिकवताना मला सगळ्यांत जास्त ऐकू येते. समोरचा माणूस आदराने विचारतो, “ऑदिएसॉ ओश्यॉस्सॉयो?” कुठून आलात? त्यात ‘शि’ आहे, कारण तो तुमच्याबद्दल बोलतोय आणि तुम्हाला मान देतोय. विद्यार्थी त्याचंच क्रियापद उचलून उत्तर देतो, “इन्दोएसॉ ओश्यॉस्सॉयो.” म्हणजे स्वतःच स्वतःला मान दिला. मराठीत “मी भारतातून आलात” म्हटल्यासारखं होतं ते. प्रश्नातला ‘शि’ उत्तरात गाळायचा आणि ‘यो’ ठेवायचा: वास्सॉयो. ‘यो’ ऐकणाऱ्याचा आहे, तो राहणार. ‘शि’ ज्याच्याबद्दल बोलतोय त्याचा आहे, आणि आता मी माझ्याबद्दल बोलतेय. लेखाच्या सुरुवातीची चार वाक्यं मी ज्यासाठी दिली, ते हेच.

आदर चुकून वस्तूलाही जातो. कोरियातल्या कॉफीच्या दुकानांत काम करणारी मुलं गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त मान द्यायच्या भरात म्हणतात, “खॉफि नाओश्यॉस्सुम्निदा.” ‘शि’ गेला कॉफीला. “कॉफीसाहेब आले” असा तो अर्थ होतो. भाषेचे शिक्षक यावर बोट ठेवतात, पण मला त्या मुलांची बाजू कळते. दिवसभर उभं राहून अनोळखी माणसांना मान देत राहायचं, आणि कमी पडला तर बोलणी खायची. मग जिथे मिळेल तिथे ‘शि’ टाकला जातो.

‘तुम्ही’ कुठे गेले?

शब्दकोशात ‘तुम्ही’ शोधलंत तर ‘तांगशिन’ सापडेल. तो वापरू नका. नवरा-बायको एकमेकांना म्हणतात, जाहिरातींत आणि गाण्यांत येतो, आणि रस्त्यावरच्या भांडणातही येतो. अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला म्हटलात तर उर्मटपणा होईल. ‘नॉ’ म्हणजे तू, तो फक्त अरे-तुरेच्या माणसांसाठी.

मग समोरच्याला म्हणायचं काय? काहीच नाही, किंवा हुद्दा. “सर, चहा घेणार?” या मराठी वाक्यात ‘तुम्ही’ कुठे आहे? तसंच. शिक्षक असतील तर सॉन्सेंगनिम. दुकानाचे मालक असतील तर साजांगनिम. तळेगावला ह्युंदाईचा, रांजणगावला एलजीचा किंवा माणगाव तालुक्यात विळे-भागाडला पोस्कोचा कारखाना आहे. तिथे कोरियन वरिष्ठांबरोबर काम करणाऱ्यांच्या कानांवर पूजांगनिम, क्वाजांगनिम असे शब्द पडतात. ती माणसांची नावं नव्हेत, हुद्दे आहेत, आणि ‘निम’ हा आपल्या ‘साहेब’सारखा मागे लागलेला मान.

नावानंतर ‘श्शि’ लावतात, ती बरोबरीच्या लोकांसाठी. वरिष्ठाला ती पुरत नाही. नुसत्या आडनावाला लावली तर खालच्या पायरीची होते. आणि स्वतःच्या नावाला कधीच लावायची नाही. फोनवर “मी जोशीसाहेब बोलतोय” असं आपणही म्हणत नाही.

नाव विचारतानाही सरळ ‘इरुम’ हा शब्द मोठ्यांसाठी वापरत नाहीत. “सॉंगहामि ऑत्तॉखे त्वेसेयो?” असं विचारतात. सॉंगहाम म्हणजे मानाने घेतलेलं नाव. असे जोडशब्द बरेच आहेत. वय नाइ, पण आजींचं वय यॉन्से. घर चिप, पण सरांचं घर तेक. मुलं झोपतात ती चादा, आजोबा झोपतात ते चूमूशिदा. मरणाचा साधा शब्द घरच्या वडीलधाऱ्यांसाठी वापरत नाहीत. ‘तोरागाशिदा’ म्हणतात, शब्दशः ‘परत गेले’. आपण ‘वारले’, ‘देवाघरी गेले’ म्हणतो त्याच कारणाने. हे शब्द एकदम पाठ करू नयेत. आजी-आजोबांशी बोलायची वेळ आली की एकेक येत जातो.

वयाचा प्रश्न मात्र पहिल्याच भेटीत येतो आणि आपल्याला तो आगाऊपणा वाटू शकतो. तो आगाऊपणा नव्हे. कुठली शेपूट लावायची, याची ती चौकशी आहे. पूर्वी कोरियात मूल जन्मताच एक वर्षाचं धरत आणि १ जानेवारीला सगळ्यांचं वय एकाने वाढे. ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! २८ जून २०२३ पासून कायद्याने वाढदिवसाप्रमाणे मोजलेलं वय हेच अधिकृत झालं. तरी गप्पांत लोक जन्मसालच विचारतात. एकाच सालचे निघाले तर ‘तोंगगाप’, म्हणजे समवयस्क, आणि मग मैत्रीचा रस्ता मोकळा.

लहान-मोठेपणा ठरला की नाती लागतात. आपण अनोळखी मुलीला ताई म्हणतो, रिक्षावाल्याला दादा. कोरियातही तसंच, फक्त बोलणारा कोण यावर शब्द बदलतो. मोठ्या भावाला मुलगा म्हणतो ह्यॉंग, मुलगी म्हणते ओप्पा. मोठ्या बहिणीला मुलगा म्हणतो नूना, मुलगी म्हणते ऑन्नि. कोरियन मालिका बघून ‘ओप्पा’ शिकलेले मुलगे तो शब्द मित्राला वापरतात, ते टाळावं. खाणावळीतल्या वाढणाऱ्या बाईंना ‘इमो’ म्हणायची पद्धत आहे. इमो म्हणजे आईची बहीण, मावशी. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा सोलमधली खाणावळ एकदम घरची वाटायला लागली. ‘ऊरि ऑम्मा’ ऐकलं तेव्हाही तसंच झालं. ऊरि म्हणजे आमचा. एकुलती एक मुलगीसुद्धा ‘माझी आई’ न म्हणता ‘आमची आई’ म्हणते. आपल्याकडे “आमच्या आईला विचारते” म्हणतात, तेव्हा त्यात कितीजण मोजायचे असतात?

पुढे कधीतरी वयाने मोठा माणूस अरे-तुरेवर येईल की नाही, हा प्रश्न येतो. लहानाने आपणहून म्हणायचं असतं, “माल्सुम नात्छूसेयो.” बोलणं खाली आणा. “अहो, मला अहो-जाहो नका करू, मी लहान आहे तुमच्यापेक्षा.” हे वाक्य ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या माणसाला ‘नात्छूसेयो’ची वेळ ओळखायला शिकवावं लागत नाही. लहानाने मात्र परवानगी मिळाल्याशिवाय स्वतः ‘यो’ गाळू नये.

सगळं एकत्र

आता पहिल्या भेटीचं पूर्ण बोलणं. किंचित वाकून:

“आन्न्यॉंग हासेयो. छॉउम प्वेप्केस्सुम्निदा. चॉनुन सुनेहाइम्निदा. इन्दो फूनेएसॉ वास्सुम्निदा. हान्गूगॉरुल पेवॉयो. मान्नासॉ पानगाप्सुम्निदा. चाल पूथाक्तुरिम्निदा.”

आन्न्यॉंग म्हणजे क्षेम. ‘हासेयो’ फोडलं तर हा + शि + ऑयो: करणे, मान, आणि ऐकणाऱ्याचा यो. “क्षेमकुशल आहात ना हो?” असा तो मुळातला प्रश्न, जो आता नुसतं अभिवादन झालाय. म्हणजे कोरियनचा अगदी पहिला शब्द शिकतानाच ‘शि’ आणि ‘यो’ दोन्ही तुमच्या तोंडात आलेले असतात.

छॉउम म्हणजे पहिल्यांदा. ‘प्वेप’ हा ‘भेटणे’चा लीन अवतार, ‘दर्शन घेणे’च्या जवळचा. इथे ‘शि’ नाही, कारण भेटणारी मी. मान वाढवायचा दुसरा मार्ग इथे दिसतो: समोरच्याला वर चढवण्याऐवजी स्वतःला खाली आणणारं क्रियापद घ्यायचं. चॉ, प्वेप आणि शेवटच्या वाक्यातलं ‘तुरिदा’ हे तिघं त्याच घरातले.

मान्नासॉ पानगाप्सुम्निदा म्हणजे भेटून आनंद झाला. यात समजवण्यासारखं काही नाही.

शेवटच्या वाक्याचं भाषांतर करताना इंग्रजी पुस्तकं चाचपडतात. चाल म्हणजे नीट, पूथाक म्हणजे विनंती, तुरिदा म्हणजे मोठ्यांना देणं, अर्पण करणं. “तुमच्यापुढे विनंती ठेवते.” कसली विनंती, ते सांगत नाहीत. मराठीत हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पत्राच्या शेवटी लिहिलं गेलंय: लोभ असावा, ही विनंती.

निघताना लक्ष द्यायचं ते एका स्वराकडे. जो जातोय त्याला म्हणायचं, आन्न्यॉंगि कासेयो, खुशाल जा. जो थांबतोय त्याला, आन्न्यॉंगि केसेयो, खुशाल राहा. तुम्ही कुणाच्या घरून निघालात, तर तुम्ही ‘के’ म्हणणार आणि दारात उभे असलेले ‘का’ म्हणणार. रस्त्यात भेटून दोघंही आपापल्या वाटेने निघालात, तर दोघांनीही ‘का’.